चूकभूल द्यावी, घ्यावी

गेल्या पावसाळ्यात रेवदंड्याच्या बाजारात पैसे काढण्याच्या यंत्रासमोर मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक वृद्ध कोळीण होती. रिकामी पाटी तिने भिंतीशी टेकवून ठेवली होती आणि कार्ड पदराच्या गाठीतून सोडून काढले होते. यंत्राने कार्ड घेतले, आकडे घेतले, बराच वेळ घरघर केली आणि पैसे न देताच पडद्यावर एक ओळ उमटवली : ‘काहीतरी चुकले आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ म्हातारीला वाचता येत नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले, मी वाचून दाखविले. क्षणभर ती त्या पडद्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “माजा काय चुकला रं भाऊ?”

मला उत्तर देता आले नाही. त्या ओळीत काय चुकले हे नव्हते, कोणाचे चुकले हे नव्हते, आणि तिच्या पैशांचे काय झाले हे तर मुळीच नव्हते. खेदाची गोष्ट अशी की अशा ओळी लिहिण्याचाच धंदा मी तीस वर्षे केला. मुंबईत आणि नंतर पुण्यात मी संगणकाच्या आज्ञावल्या रचल्या, आणि निवृत्त होऊन कुंडलिकेच्या खाडीकाठी परतलो. पडद्यावर उमटणारी ती ओळ यंत्र बोलत नसते. कोणीतरी माणूस, कधीतरी, दूरच्या कचेरीत बसून, ज्याला तो कधी पाहणार नाही अशा माणसासाठी ती आगाऊ लिहून ठेवतो. चूक घडण्यापूर्वी लिहिलेले ते पत्रच असते. त्यात काय लिहावे, हा प्रश्न आमच्या धंद्यात तांत्रिक समजला जातो. तो तसा नाही, असे आता मला वाटते.

आधी भाषेचेच पाहू. ‘चुकणे’ हे मराठीतील मोठे प्रामाणिक क्रियापद आहे. वाट चुकते, नेम चुकतो, गाडी चुकते. पण दोषाची गोष्ट निघाली की आपण ‘माझे चुकले’ म्हणतो, किंवा भांडणात ‘तुझे चुकले’ म्हणतो. चूक कोणाची तरी असते आणि ते नाव वाक्यात येते. नुसते ‘काहीतरी चुकले’ आपण घरात फार क्वचित म्हणतो. आमटी चाखून आई म्हणे, “काहीतरी चुकलंय बघ,” पण पुढच्या क्षणी तीच मिठाचा डबा उघडी. चूक आपल्या हातची आहे हे तिने धरलेलेच असे. यंत्रावरचे ‘काहीतरी’ मात्र बेवारशी असते. आणि बेवारशी चूक अखेर समोर उभा असलेल्याच्याच पदरात पडते. म्हातारीने ती अशीच उचलली.

आमच्या जिल्ह्याला या वृत्तीची चांगली ओळख आहे. ‘मी काय अलिबागहून आलोय?’ हा वाक्प्रचार मराठीत सर्रास चालतो. त्याविरुद्ध एकाने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती आणि २०१९ साली ती फेटाळली गेली, हे वाचकांना आठवत असेल. विनोद म्हणून आम्ही तो सोडून देतो. पण समजले नाही तर ऐकणारा बावळट, सांगणाऱ्याचे कधीच काही चुकत नाही, ही त्या विनोदामागची समजूत संगणकाच्या पडद्यावर रोज वावरत असते. ‘अवैध माहिती’, ‘चुकीची नोंद’, ‘आपण दिलेली माहिती अग्राह्य’ या सर्व ओळी मूळ अर्थाने एकच प्रश्न विचारतात : अलिबागहून आलात काय?

याउलट आपल्या जुन्या हिशेबनिसांची रीत पाहा. बिलाच्या किंवा हिशेबाच्या खाली ते चार अक्षरे लिहीत : चू. भू. द्या. घ्या. चूकभूल द्यावी घ्यावी. माझ्या बेरजेत तुमच्यावर कमी आकारले गेले असेल तर तुम्ही द्यावे, जास्त आकारले असेल तर परत घ्यावे. कारकुनाला त्या विशिष्ट बिलात चूक दिसलेली नसे. दिसली असती तर त्याने ती दुरुस्तच केली असती. माणसाच्या हातून बेरीज चुकते एवढे मात्र त्याला ठाऊक होते, आणि ते तो प्रत्येक गिऱ्हाइकाला आगाऊ कळवीत होता. ग्रंथांच्या शेवटी शुद्धिपत्र लावण्याची पद्धतही त्याच जातीची. संगणक आला आणि ती चार अक्षरे कागदावरून नाहीशी झाली. छापील आकड्याखाली क्षमायाचना शोभेना.

धंद्यातील एक शब्दही इथे सांगण्यासारखा आहे. आज्ञावलीतील दोषाला आम्ही ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतो. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या यंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला, आणि तिथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवून ठेवला. शब्द त्याहून जुना आहे, पण गोष्ट गोड आहे म्हणून सर्वत्र सांगितली जाते. डचदेशीय संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डायक्स्ट्रा यांना मात्र हा शब्द खपत नसे. किडा बाहेरून, आपली नजर चुकवून आत शिरतो. आज्ञावलीतला दोष बाहेरून येत नाही, तो लिहिणाऱ्याने आपल्या हाताने लिहिलेला असतो. म्हणून त्याला सरळ ‘चूक’ म्हणा, असा त्यांचा आग्रह होता. तरुणपणी तो मला शब्दच्छल वाटला होता.

१९९५ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या भागातील एका पतपेढीसाठी मी फॉक्सप्रोमध्ये आज्ञावली करून दिली. रोजकीर्द, खतावणी, व्याज, सर्व काही एका संगणकात. जुन्या वह्या काही महिने सोबत चालू ठेवाव्यात आणि दोन्ही हिशेब रोज ताडून पाहावेत, हा अशा कामातील नियम. संचालकांना दुहेरी काम नको होते. मलाही हप्त्याचे पैसे लवकर हवे होते. महिन्याभरात वह्या बंद झाल्या.

या नियमाचे मोल जाणणारी माणसे आमच्याच किनाऱ्यावर नव्वद वर्षांपूर्वी होऊन गेली होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी त्या विजेने बिघडणार हे उघड झाले. डॉ. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे प्रमुख होते. त्यांनी नवी चुंबकीय वेधशाळा अलिबागला उभारली, तीही लोखंड टाळून, पोरबंदरी दगडात. १९०४ साली ती सुरू झाली. पण तिचे काम सुरू होताच कुलाब्याचे बंद केले नाही. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे दोन ठिकाणच्या आकड्यांत किती फरक पडतो हे पुढच्या अभ्यासकाला कळावे. विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. चूक होण्यापूर्वीच तिची दखल घेणे आणि तिचे माप लिहून ठेवणे याला म्हणतात. मी महिनाभर थांबलो, मूस दोन वर्षे थांबले होते.

पतपेढीकडे वळतो. तिथे एक बाई रोखपाल म्हणून काम करीत. आमच्याच पॅरिशमधल्या, मॅट्रिक झालेल्या, अक्षर मोत्यासारखे. जून उजाडला आणि कोकणातील विजेचा नेहमीचा खेळ सुरू झाला. बाई भरणा घेऊन नोंद करीत, तेवढ्यात दिवे जात. दिवे आले की त्या ती नोंद शोधून पाहत. पडद्यावर माझी ओळ येई : ‘नोंद आढळली नाही.’ मग त्या बिचाऱ्या पुन्हा नोंद करीत.

आत काय घडत होते ते सोप्या शब्दांत सांगतो. संगणकात मूळ वही वेगळी आणि तिची अनुक्रमणिका वेगळी असे. वीज नेमकी अशा क्षणी जाई की पान वहीत लिहिले गेलेले असे, पण अनुक्रमणिकेत त्याचा उल्लेख व्हायचा राहिलेला असे. यंत्र अनुक्रमणिकाच पाहून शोध घेई आणि ‘आढळली नाही’ म्हणे. नोंद होती. महिनाअखेरीस अनुक्रमणिका नव्याने तयार झाली की पहिली आणि दुसरी, दोन्ही नोंदी वर येत. हिशेबात भरणा दुप्पट, पेटीत रोकड एकपट. ज्या सभासदांच्या खात्यांत रक्कम जास्त दिसत होती ते तक्रार कशाला करतील? पावसाळ्याच्या चार महिन्यांत तूट झाली १,८४० रुपयांची.

संचालकांनी मला फोन केला. मी संगणक न पाहताच सांगितले, “प्रोग्रॅम बरोबर आहे. बाईंनी एंट्री दोनदा केली असणार.” यातील दुसरे वाक्य शब्दशः खरे होते. असत्य अशा खऱ्या वाक्यातून किती सहज जाते, हे तेव्हापासून मी विसरलेलो नाही. तूट बाईंच्या पगारातून सहा महिने कापून घेतली गेली. चोरीचा आरोप कोणी केला नाही, पण कोणी केला नाही म्हणून तो झालाच नाही असे लहान गावात होत नसते.

पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यातील एका पेढीत मी स्वतः बसलो असताना वीज गेली, आणि माझ्या डोळ्यांसमोर तोच प्रकार घडला. दहा मिनिटांत मला सर्व उलगडले. दोन दिवसांत मी दोष काढला, सर्व पेढ्यांना नव्या फ्लॉपी पाठविल्या आणि सोबतच्या कागदावर लिहिले, ‘किरकोळ सुधारणा.’

आज्ञावलीत चूक राहिली, तिला मी पाप म्हणणार नाही. नवशिक्याचे अज्ञान म्हणा, हयगय म्हणा. ‘नोंद आढळली नाही’ ही ओळही जाणून लिहिलेली नव्हती. मात्र तिच्यात एक उद्धटपणा होता. यंत्राला प्रत्यक्षात एवढेच ठाऊक होते की आपल्याला नोंद दिसत नाही, आणि आताच वीज गेल्यामुळे आपली अनुक्रमणिका विश्वासार्ह नाही. ‘मला खात्री नाही, पुन्हा नोंद करण्यापूर्वी तपासा’ असे ते म्हणू शकले असते, मी म्हणायला शिकविले असते तर. ठाऊक नसताना ठाऊक असल्यासारखे बोलणे, हा माझा पहिला दोष. दुसरा दोष ‘किरकोळ सुधारणा’ या दोन शब्दांत आहे, आणि तो मी पूर्ण शुद्धीत केला.

असे बोलणे प्राणावरही बेतते. ‘थेरॅक-२५’ नावाचे कॅनडात बनलेले एक यंत्र कर्करोगावर किरणोपचार करीत असे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्याने मर्यादेच्या कितीतरी पट किरणांचा मारा केला, आणि त्यांतील काही दगावले. १९८६ साली टेक्सासमधील टायलर येथे असे घडले तेव्हा पडद्यावर फक्त ‘मालफंक्शन ५४’, म्हणजे ‘बिघाड ५४’, एवढेच उमटले होते. त्याचा अर्थ यंत्र चालविणाऱ्या बाईंना कोणी सांगितलेला नव्हता. असले आकडे वरचेवर उमटत, आणि एक कळ दाबली की काम पुढे चाले. त्यांनी ती कळ दाबली. निर्मात्यांकडे विचारणा झाली तेव्हा यंत्राकडून जादा मारा होणे शक्यच नाही, असे उत्तर मिळाले. माझ्या फोनवरच्या उत्तराशी त्याचे साम्य पाहून मला झोप लागली नव्हती.

आणि ब्रिटनमधील टपाल खात्याचे प्रकरण तर माझ्या पतपेढीचेच विराट रूप. ‘होरायझन’ ही हिशेबाची संगणकप्रणाली तिथे १९९९ पासून आली. लहान टपाल कार्यालये चालविणाऱ्यांच्या हिशेबात तुटी दिसू लागल्या. करारानुसार तूट त्यांनीच भरायची. मदतीसाठी फोन केला तर ‘अशी तक्रार तुमच्या एकट्याचीच आहे’ असे अनेकांना सांगण्यात आले. नऊशेहून अधिक माणसे खोटे हिशेब, चोरी अशा आरोपांखाली दोषी ठरली. काहींनी तुरुंगवास भोगला, काहींची घरे गेली. प्रणालीतील दोषांमुळे अशा तुटी दिसू शकतात, असे न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एकाच दिवशी ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या आणि २०२४ मध्ये उरलेल्यांसाठी संसदेला कायदा करावा लागला. या सर्व वर्षांत दोष कोणालाच ठाऊक नव्हते असे नाही. ते आत ठाऊक होते आणि बाहेर सांगितले जात नव्हते. ‘तुमच्या एकट्याचीच’ हे दोन शब्द मला त्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत क्रूर वाटतात.

यावर आमच्या धंद्यातील मित्र म्हणतात, सर्वच सांगायचे म्हटले तर लोक घाबरतील, आणि चोरांनाही वाट सापडेल. या म्हणण्यात तथ्य आहे. संगणकात शिरताना नाव चुकले की खूणशब्द चुकला हे यंत्र मुद्दाम सांगत नाही, कारण ते सांगितले तर परक्याला अर्धे कुलूप उघडून दिल्यासारखे होते. ते मौन योग्यच आहे. म्हणून प्रश्न मौनाचा नसून ते कोणाच्या रक्षणासाठी पाळले आहे, याचा आहे. खातेदाराच्या पैशांचे रक्षण करणारे मौन आणि माझ्या नावाचे रक्षण करणारे मौन पडद्यावर सारखेच दिसते. आत बसलेल्याला मात्र दोन्हींतला फरक बरोबर ठाऊक असतो. निदान मला होता.

गुपचूप दुरुस्ती करण्याचा मोह कायद्यानेही ओळखलेला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १५५ आमच्याकडे शेतकऱ्यांना पाठ आहे, कारण हस्तलिखित सातबारा संगणकावर चढविताना कुठे क्षेत्र बदलले, कुठे नाव गळले. लेखनातील चूक दुरुस्त करण्याचा अधिकार ते कलम देते. पण तपासणीत अधिकाऱ्याला स्वतःला चूक दिसली, तरी संबंधितांना नोटीस दिल्याशिवाय आणि त्यांच्या हरकती निकालात काढल्याशिवाय ती दुरुस्त करता येत नाही. २०१७ साली संगणकीकृत सातबाऱ्यांचे गावोगाव चावडीवाचन झाले त्यामागेही हाच विचार होता : ज्याची जमीन, त्याच्या कानावर त्याची नोंद घाला. अर्थात चूक कार्यालयाची आणि अर्ज, हेलपाटे शेतकऱ्याचे, हे दुखणे शिल्लक आहेच. पण निदान तत्त्व तरी कागदावर आहे. माझ्या फ्लॉपीसोबतच्या कागदावर तेवढेही नव्हते.

संत ऑगस्टीन यांनी आयुष्याच्या अखेरीस, इ. स. ४२६-२७ च्या सुमारास, आपले ९३ ग्रंथ पुन्हा वाचून काढले आणि कुठे काय चुकीचे किंवा सैल लिहिले गेले याचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. हिप्पोच्या बिशपांना ग्रंथांच्या नव्या प्रती मुकाट्याने सुधारून घेता आल्या असत्या. पण जुन्या प्रती ज्यांच्या घरी गेल्या होत्या, त्यांचे काय? आमच्या क्षेत्रात डोनाल्ड नुथ यांनी छपाईच्या आपल्या ‘टेक’ या प्रणालीतील चुकांची यादी १९८९ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केली. त्यांच्या पुस्तकात चूक दाखविणाऱ्याला ते दोन डॉलर छप्पन्न सेंटचा धनादेशही पाठवीत. तो वटविण्यापेक्षा लोक चौकटीत लावून भिंतीवर टांगीत.

सांगणे झाले तरी एक गोष्ट उरते. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात, ‘कॅटेकिझम’मध्ये, २४८७ व्या परिच्छेदात सत्य आणि न्याय यांविरुद्धच्या अपराधाला भरपाईचे कर्तव्य जोडलेले आहे, अपराध्याला क्षमा मिळाली असली तरीही. जक्कय झाडावरून उतरला आणि चौपट परत करण्याची भाषा बोलला. आपल्या रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात याचीच व्यवहारी आवृत्ती घातली आहे. खात्यातून रक्कम वजा झाली आणि यंत्राने नोटा दिल्या नाहीत, तर व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत ती परत जमा झाली पाहिजे. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही खातेदाराच्या तक्रारीची वाट न पाहता. नियम उत्तम आहे. रेवदंड्याच्या त्या पडद्यावर त्याचे एक अक्षर नव्हते. ‘आमच्या बाजूने अडथळा आला. रक्कम वजा झाली असल्यास पाच दिवसांत परत येईल. खाते पाहिल्याशिवाय पुन्हा काढू नका,’ एवढे लिहायला किती जागा लागते? त्याऐवजी ‘पुन्हा प्रयत्न करा’, म्हणजे बाईंना मी दिला होता तोच सल्ला. म्हातारीला मी हे समजावून सांगितले. तिचे पैसे चौथ्या दिवशी जमा झाले, असे तिच्या नातवाने सांगितले.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मात्र मला स्वस्थता लाभेना. बाई दर रविवारी मिस्साला माझ्यापुढे दोन बाक सोडून बसतात. निवृत्तीनंतरची आठ वर्षे मी त्यांच्या पाठीकडे पाहत आलो होतो. पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. सर्व सांगितले : वीज, अनुक्रमणिका, फोनवरचे माझे वाक्य, ‘किरकोळ सुधारणा’. जक्कयाच्या हिशेबाने मोजलेल्या रकमेचे पाकीट समोर ठेवले.

त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. बराच वेळाने म्हणाल्या, “साहेब, तेव्हा घरी मीच सांगितलं होतं, माझ्याच हातून झालं असेल म्हणून. संगणकापुढे माझं काय चालणार? आता सासरे नाहीत, हेही नाहीत. आता हे मी कोणाला सांगू?”

मग त्या उठल्या, चहा टाकला, आणि आतून म्हणाल्या, “लिहून द्याल का? मुलाला दाखवीन.”

मी तिथेच बसून लिहून दिले. तारीख घातली, सही केली. पतपेढीचे तेव्हाचे अध्यक्ष हयात आहेत, एक प्रत त्यांनाही पाठविली आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.